एका बाजूची कंबरदुखी आणि फिजिओथेरपी: मशीनचा शेक की व्यायाम? कोल्हापुरातले अनुभव सांगा

शाळेची_घंटा
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा गारगोटी रोडला आत आहे, त्यामुळे रोज दुचाकी. पावसाळ्यापासून कंबरेच्या खाली उजव्या बाजूला, जिथं खळी असते ना, नेमकं तिथं दुखतं. एक बोट ठेवून जागा दाखवता येते. अंथरुणात कूस बदलताना, गाडीवरून उतरताना, जिना चढताना कळ येते, कधी कुल्ल्यातून मांडीच्या मागं उतरते. गुडघ्याच्या खाली जात नाही.

एमआरआय झाला. शेवटच्या मणक्याशी गादी थोडी बाहेर आलीय असं लिहिलंय. ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं काही नाही, फिजिओथेरपी करा. मग दोन ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं: शेक, करंट आणि वजन लावणं. दुसरीकडच्या मॅडमनी मशीनला हातही लावला नाही. अर्धा-पाऊण तास नुसतं तपासलं, चालायला लावलं, पाय दाबून पाहिले आणि म्हणाल्या की दुखणं गादीचं वाटत नाही, माकडहाडाच्या वरच्या सांध्याचं वाटतं. चार व्यायाम देऊन पंधरा दिवसांनी बोलावलं.

घरचे म्हणतात, व्यायाम तर मोबाईलवर फुकट दिसतात, त्याचे पैसे कशाला द्यायचे? मशीनवाल्यांकडे निदान काहीतरी 'करतात' तरी. मला खरंच कळत नाहीये. ज्यांनी यातून गेलंय त्यांनी सांगा.

ऊसवाला
ताई, आमच्याकडं उसण भरली की पायाळू माणूस गाठायचा. उंबऱ्यावर उभं करून कंबरेत हळू लाथ मारायची, झालं काम. आमची आत्या पायाळू. सुगीच्या दिवसांत सकाळी सकाळी दारात लाईन असायची. फी न्हाई काय न्हाई, फक्त चहा पाजायचा.

कट्टेकरी
ऊसवाला, आत्यांचा पत्ता द्या, गंगावेशच्या दूध कट्ट्यावर बोर्ड लावू 😄

शाळेची_घंटा, मी मशीनवाल्यांच्या बाजूनं बोलतो. मला गेल्या वर्षी असंच धरलं होतं. सकाळी चप्पल घालता येत नव्हती. राजारामपुरीत एका ठिकाणी जाऊन शेक आणि करंट घेतला. पहिल्याच दिवशी निम्मं दुखणं कमी. तासभर पडून राहायचं, गरम गरम वाटायचं, झोप लागायची. दुखणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी व्यायाम कर म्हणणं मला तरी क्रूरपणा वाटतो. ज्याला उठता येत नाही तो काय बैठका काढणार?

शाळेची_घंटा
@कट्टेकरी, नंतर परत दुखलं का?

कट्टेकरी
दिवाळीच्या साफसफाईत एकदा, आणि नंतर गाडी घेऊन पुण्याला गेलो तेव्हा. परत जाऊन शेक घेतला, बरं वाटलं.

फिजिओताई
मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत काम करते. न तपासता निदान करत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

शाळेची_घंटा ताई, तुम्ही एक बोट ठेवून खळीजवळची जागा दाखवता, कंबरेच्या पट्ट्याच्या वर दुखत नाही, कूस बदलताना आणि एका पायावर भार येताना कळ येते. हे वर्णन सॅक्रोइलिअॅक जॉइंटच्या, म्हणजे एसआय जॉइंटच्या दुखण्याशी जुळतं. मणक्यांच्या खाली त्रिकास्थि नावाचं पाचरीसारखं हाड असतं. ते दोन्ही बाजूंच्या खुब्याच्या मोठ्या हाडांमध्ये बसलेलं असतं, दगडी कमानीतल्या मधल्या चिऱ्यासारखं. वरचा सगळा भार याच दोन सांध्यांतून पायांत उतरतो. या सांध्याची हालचाल अगदी थोडी, दोन-चार अंशांच्या आतली. पण त्याभोवतीचे स्नायुबंध शरीरातल्या सर्वांत दणकट बंधांपैकी आहेत, आणि ते चिडले की चांगलंच दुखतं. जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांत साधारण १५ ते ३० टक्के लोकांचं दुखणं या सांध्याचं असावं असा अंदाज आहे. तरी आपल्याकडे सरसकट सगळ्यांना मणक्यात 'गॅप' आहे असंच सांगितलं जातं.

आता एमआरआयचं. अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचे अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या बाहेर आलेल्या दिसल्या, आणि यांतल्या कोणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणून रिपोर्टमधली ती ओळ वाचून घाबरू नका. ती ओळ आणि तुमचं दुखणं यांचा संबंध आहे की नाही हे हातानं तपासूनच ठरतं.

दुसऱ्या मॅडमनी पाय दाबून पाहिले ते उगाच नाही. या सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देणाऱ्या पाच-सहा चाचण्या आहेत. एकट्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, पण तीन किंवा जास्त चाचण्यांत तुमचं नेहमीचंच दुखणं जागं झालं, तर सांध्याचं निदान बरंच पक्कं होतं. ज्यांनी अर्धा-पाऊण तास तपासण्यात घालवला त्यांनी तुमच्या पैशाचं मोल दिलं आहे, एवढं मी नक्की म्हणेन.

निवृत्त_मास्तर
गारगोटी रोड म्हणजे अर्धं निदान तिथंच झालं. त्या रस्त्यानं पावसाळ्यात गेलं की सांधे कुठले कुठले आहेत ते आपोआप कळतं.

तांबडा_रस्सा
मास्तर, गारगोटी रोडचं सोडा, शहरातच बघा. एका खड्ड्यातून चुकवून दुसऱ्यात. माझ्या मते कंबरेच्या डॉक्टरांनी मनपाला हार घालायला पाहिजे.

निवृत्त_मास्तर
हार नको, बिलं पाठवूया.

शिरोलीचा_फौंड्रीवाला
सगळे आराम करा, व्यायाम करा म्हणत्यात. आमच्यासारख्यानं काय करायचं? शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. मोल्ड बॉक्स उचलणं, भट्टीजवळ उभं राहणं, शिफ्ट संपेपर्यंत कंबर लाकूड. रजा टाकली की पगार कापतात. पट्टा लावून काम करतो. पट्ट्यानं बरं वाटतं. ताई, पट्टा चालू ठेवू का?

फिजिओताई
@कट्टेकरी आणि @शिरोलीचा_फौंड्रीवाला, दोघांना एकत्र उत्तर देते.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि दुखणं समजावून सांगणं यांना होकार आहे. मसाज आणि हातानं मणका मोकळा करणं यांनाही सशर्त होकार आहे. पण ट्रॅक्शन, म्हणजे ते वजन लावणं, अल्ट्रासाऊंड मशीनचे उपचार, टेन्स नावाच्या मशीनचा करंट आणि कंबरपट्टा हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. कारण त्यातून टिकाऊ फायदा मिळतो याचा पुरावा नाही. शेकानं बरं वाटतं ते खोटं नाही, ऊब लागली की स्नायू सैल होतात आणि झोप येते. तेवढ्यासाठी घरी गरम पाण्याची पिशवी पुरते. दहा सिटिंगचं पॅकेज घेऊन शेवटी एकही व्यायाम हातात पडला नाही, तर पुढच्या वेळी दुखलं की तुम्ही पुन्हा त्याच दारात उभे राहाल. कट्टेकरी दादा, तुमचं दिवाळीचं आणि पुण्याचं दुखणं मला याच मालिकेतलं वाटतं.

ऊसवाला, तुमच्या आत्यांचंही सांगते. नव्यानं भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात लाथ मारणारा, तेल लावणारा, शेक देणारा, सगळेच यशस्वी होतात. फक्त ती लाथ हळू असू द्या, आणि साठीच्या पुढच्या माणसाला अजिबात नको.

फौंड्रीवाले दादा, फार जड कामाच्या तेवढ्या वेळात पट्टा लावलात तर आकाश कोसळत नाही. पण दिवसभर पट्टा आणि रात्री आराम असं चाललं तर कंबर आणखी हळवी होते. तुमच्या कामात मी आधी हे बघेन: बॉक्स अंगाजवळ धरता येतो का, गुडघ्याच्या वर कुठं ठेवता येईल का, उचलून वळताना कंबर पिळवटण्याऐवजी पाय फिरवता येतात का. आणि तुम्हाला ताकद वाढवण्याचीच गरज आहे, कमी करण्याची नाही. जड काम करणाऱ्यानं कंबरेची ताकद कामापेक्षा चार घास जास्त ठेवायची असते.

माजी_मल्ल
ताईंचं शेवटचं वाक्य पटलं. मी तालमीत वाढलो. एकदा लढतीत कंबर पिळली गेली. घरच्यांनी पलंगावर झोपवलं. वस्ताद आले आणि म्हणाले, उद्यापासून आखाड्यात येऊन बसायचं. आधी नुसतं चालायला लावलं, मग आधाराला धरून अर्ध्या बैठका, मग पुऱ्या. माती उकरायला कितीतरी दिवसांनी परवानगी दिली, जोर त्याच्याही नंतर. दुखतंय म्हणालो तर विचारायचे, 'दुखणं रात्री वाढलं का? सकाळी कालच्यापेक्षा जास्त आहे का?' नसेल तर चालू ठेव म्हणायचे. वस्तादांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं.

फिजिओताई
दादा, तुमच्या वस्तादांनी जे विचारलं तेच आम्ही रुग्णाला रोज विचारतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालतं. ते दहापैकी तीन-चारच्या पुढं जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यावं. आलं नाही तर व्यायाम बंद करायचा नाही, मात्रा कमी करायची.

घाटमाथा
मी थोडं विरोधात लिहितो. आमच्या भागात एक हाडवैद्य आहेत. सांधा सरकलाय म्हणून ते पाय धरून एक झटका देतात, कट असा आवाज येतो आणि माणूस चालत बाहेर येतो. माझे वडील बैलगाडीतून नेले होते, चालत आले. हे डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या शास्त्रात बसत नाही म्हणून खोटं म्हणायचं का?

फिजिओताई
खोटं अजिबात म्हणत नाही. हाताच्या झटक्यानं दुखणं लगेच कमी होऊ शकतं, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टही तो प्रकार वापरतात. पण 'सरकलेलं हाड जागेवर बसवलं' हे स्पष्टीकरण बरोबर नाही. झटक्याआधी आणि नंतर मोजमाप केलं तर सांध्याची जागा बदललेली दिसत नाही. बदलते ती स्नायूंची घट्ट पकड आणि मेंदूकडे जाणारी वेदनेची सूचना. हा फरक महत्त्वाचा आहे. 'माझं हाड सरकतं' हे एकदा मनात बसलं की माणूस वाकायला घाबरतो आणि दर दोन महिन्यांनी बसवून घ्यायला जातो. शिवाय हाडं ठिसूळ असतील, मणक्यात क्षय किंवा गाठ असेल, तर तो झटका घातक ठरतो. तपासल्याशिवाय झटका नको, एवढंच माझं म्हणणं.

घाटमाथा
हे मान्य. वडिलांचं वय तेव्हा कमी होतं.

दोन_पोरांची_आई
बाळंतपणातल्या दुखण्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. दुसऱ्या वेळी सहाव्या महिन्यापासून मला जांघेत आणि मागं दोन्ही खळ्यांपाशी इतकं दुखायचं की सलवार घालताना भिंतीला टेकायला लागायचं. जो तो म्हणायचा, 'गरोदरपणात दुखतंच.' शेवटी डॉक्टरबाईंनीच फिजिओकडे पाठवलं. तिनं सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या: कपडे बसून घालायचे, कूस बदलताना दोन्ही गुडघे जोडून एकदम वळायचं, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, गाडीत बसताना आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, जिना एक एक पायरी. एका पायावर उभं राहून काहीही करायचं नाही. पहिल्या आठवड्यातच फरक पडला.

सासूबाई बाळंतपणानंतर पोट बांधा म्हणून मागे लागल्या होत्या. फिजिओनं पट्टा दिला तो मात्र पोटावर नव्हता, खाली खुब्यांच्या रेषेत होता. चालताना लावायचा, बसल्यावर सैल करायचा.

तांबडा_रस्सा
पण वर ताई म्हणाल्या की पट्टा नको?

फिजिओताई
चांगला प्रश्न. तो नकार जुनाट कंबरदुखीतल्या मणक्याच्या पट्ट्याला आहे. गरोदरपणातलं कटिभागाचं दुखणं हा वेगळा प्रकार. दर पाचपैकी जवळपास एका गरोदर बाईला ते होतं आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत जातं. त्यात खाली लावायचा अरुंद पट्टा काहींना चालताना उपयोगी पडतो. आम्ही आधी तपासतो: उताणं झोपून पाय सरळ उचलायला सांगतो, मग कटिभाग दोन्ही बाजूंनी हातानं दाबून धरतो आणि पुन्हा उचलायला सांगतो. धरल्यावर पाय हलका वाटला तर पट्ट्याचा उपयोग होण्याची शक्यता असते. तोही व्यायामाच्या जोडीला.

आणि दोन_पोरांची_आई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. 'दुखतंच' म्हणून सोडून दिलेल्या किती तरी बाया मूल शाळेत जायला लागल्यावर आमच्याकडे येतात. तोवर त्यांनी उचलणं, वाकणं, चालणं सगळं कमी केलेलं असतं.

पहाटेचा_प्रवासी
हा धागा तरुण मुलं वाचत असतील तर माझं जरूर वाचा. कॉलेजात असल्यापासून कुल्ल्यात दुखायचं. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग यायची, उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं. सकाळी तासभर अंग आखडलेलं. रविवारी जास्त झोपलो की जास्त दुखायचं. लोक म्हणायचे मोबाईल कमी बघ, गादी बदल. गादी बदलली, खुर्ची बदलली. एक्स-रे नॉर्मल होता. शेक, करंट, ट्रॅक्शन सगळं झालं, कित्येक वर्षं गेली.

मग एकदा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, 'कंबर दुखते का?' त्यांनी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआयमध्ये दोन्ही एसआय सांध्यांना सूज, रक्ताची एचएलए-बी२७ तपासणी पॉझिटिव्ह. अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा आणि या सांध्यांचा सुजेचा संधिवात. आता औषधं चालू आहेत. रोज पोहतो, छातीचे श्वासाचे व्यायाम करतो, कामावर जातो. फिजिओथेरपी माझ्यासाठी आयुष्यभराची आहे, पण औषधांशिवाय नुसत्या फिजिओथेरपीवर हे भागत नाही.

फिजिओताई
याला मी हजार वेळा दुजोरा देईन. ४५ वर्षांच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी, आरामानं वाढणारी आणि हालचालीनं कमी होणारी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं, उत्तररात्री जाग येणं, डोळा लाल होणं, सोरायसिस, घरात कुणाला असा आजार. यातलं काही जुळत असेल तर आधी संधिवाततज्ज्ञ. साध्या एक्स-रेत बदल दिसायला वर्षं लागू शकतात, म्हणून नॉर्मल एक्स-रेनं समाधान मानू नका. उलट एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार आहेच असंही नाही, ते तज्ज्ञच ठरवतील.

शाळेची_घंटा ताई, तुमचं सकाळचं आखडणं किती वेळ टिकतं?

शाळेची_घंटा
पाच-दहा मिनिटं. चहा होईपर्यंत मोकळं होतं. रात्री फक्त कूस बदलताना जाग येते. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी जास्त. पहाटेचा_प्रवासी, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाला हे आजच वाचायला देते.

जुना_वाचक
पालथं झोपून छाती उचलायचा व्यायाम मोबाईलवर सगळीकडे दिसतो. त्याची गोष्ट मजेशीर आहे. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण चुकून अशा टेबलावर पालथा झोपला ज्याचा एक भाग आधीच्या रुग्णासाठी वर उचललेला होता. मॅकेन्झी आत आले आणि बघतात तर हा मागं वाकलेल्या अवस्थेत! त्या काळी असं वाकणं घातक मानत. रुग्ण म्हणाला, कित्येक आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पायातलं दुखणं गेलं होतं. त्यातून त्यांची सगळी पद्धत उभी राहिली.

कट्टेकरी
म्हणजे हा व्यायाम सगळ्यांनी करायचा?

फिजिओताई
नाही, आणि मोबाईल बघून व्यायाम करण्यातली अडचण हीच आहे. पायात उतरलेलं दुखणं त्या हालचालीनं वर सरकून कंबरेत गोळा होत असेल तर तो व्यायाम तुमचा. उलट दुखणं आणखी खाली उतरलं तर तो तुमचा नाही. एसआय सांध्याच्या रुग्णाला तर पुष्कळदा त्यानं काहीच फरक पडत नाही. ताईंच्या घरच्यांना सांगा, पैसे व्यायामाचे चित्र दाखवण्याचे नसतात. कुठला व्यायाम, किती, कधी वाढवायचा आणि कुठला टाळायचा, हे ठरवण्याचे असतात.

या सांध्यासाठी सहसा जे वापरतात ते सांगते, म्हणजे मॅडमनी दिलेले ओळखू येतील. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं, पुढं तोच पाय सरळ ठेवून उचलणं. गुडघे-हात टेकून समोरचा हात आणि विरुद्ध पाय लांब करणं. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणं. मग पायरीवर चढ-उतार आणि हातात वजन. पहिल्या दिवशी जे जमतं त्यापासून सुरुवात, आणि दोन-तीन महिने सातत्य. पहिल्या दोन आठवड्यांत जादू झाली नाही म्हणून बहुतेक लोक सोडतात, खरा फरक त्याच्या पुढे दिसतो. चालणंही सोडू नका. रंकाळ्याची पूर्ण फेरी झेपत नसेल तर थोडं चालून परत फिरा.

गाडीचंही बघा. मागे बसताना साडीमुळे एका बाजूला पाय सोडून बसत असाल तर ती पिळलेली बैठक सध्या टाळा. गाडीवरून उतरताना गाडी स्टँडला लावा, मग पाय टाका. वर्गात एका पायावर रेलून उभं राहण्याऐवजी मधून मधून चार पावलं चाला.

हुपरीचा_कारागीर
आमचं काम खाली बसून. चांदीकामाला दिवसभर मांडी. मांडी सोडायची का?

फिजिओताई
सोडायची नाही, मोडायची. तास-दीड तास एकाच मांडीत बसण्यापेक्षा अर्ध्या तासानं उठून दोन मिनिटं उभे राहा. खाली एक घट्ट उशी घेऊन खुबा गुडघ्यापेक्षा थोडा उंच ठेवलात तर कंबर गोल होत नाही.

तांबडा_रस्सा
इंजेक्शनचं काय? माझ्या मेव्हण्याला सांध्यात इंजेक्शन घ्या म्हणालेत.

फिजिओताई
मशीनवर बघत नेमकं सांध्यात दिलेलं इंजेक्शन दोन कामं करतं. भूल दिल्यावर दुखणं तात्पुरतं गेलं तर निदानाला बळकटी मिळते, आणि काहींना काही आठवडे-महिने आराम मिळतो. तो काळ व्यायाम वाढवायला वापरला तर इंजेक्शन सार्थकी लागतं. नुसतं घेऊन घरी बसलं तर दुखणं परत येतं. सांधा स्क्रूनं जोडण्याची शस्त्रक्रियाही आहे. ती फार थोड्यांसाठी, बाकी सगळं करून झाल्यावर.

निवृत्त_मास्तर
खर्चाचं कोणी बोललं नाही. सगळ्यांना खाजगी परवडत नाही. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, अस्थिरोग विभागात केसपेपर काढून तिथून फिजिओथेरपीला पाठवतात, माझ्या शेजाऱ्याचं तिथंच झालं. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं. कसबा बावड्यात डी. वाय. पाटील यांचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथंही चौकशी करा. आणि बोर्डावर फिजिओथेरपी लिहिलंय म्हणून आत शिरू नका. फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. विचारायला लाजायचं कारण नाही.

शाळेची_घंटा
मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, परीक्षा आणि पेपर तपासणीत अडकले होते. मी दुसऱ्या मॅडमकडेच गेले. पाचपैकी चार चाचण्यांत माझंच दुखणं जागं झालं, म्हणून सांध्याचंच निदान पक्कं केलं. सुरुवातीला फार काही वाटलं नाही. मधे एकदा आठवडी बाजाराची पिशवी एका हातात आणली आणि जोरात कळ आली, तेव्हा मॅडमनी व्यायाम बंद करू दिले नाहीत, निम्मे केले. आता कूस बदलताना जाग येत नाही. गाडीवरून उतरताना कधी कधी जाणवतं. गॅसच्या टाकीला अजून हात लावत नाही, पण मॅडम म्हणतात पुढच्या महिन्यात तेही शिकवणार. आता पंधरा दिवसांऐवजी महिन्यानं बोलावतात. पॅकेजच्या निम्म्याहून कमी पैसे गेले, हे घरी मुद्दाम सांगितलं.

कट्टेकरी
झकास! मला पण त्या मॅडमचं नाव व्यक्तिगत निरोपात पाठवा. शेक घरीच घेतो आता.

शिरोलीचा_फौंड्रीवाला
आमच्या सुपरवायझरला तो गुडघ्याच्या वर ठेवायचा मुद्दा दाखवला. जुन्या पॅलेटचा ओटा करून दिला. पाचजणांची कंबर वाचली. मी सकाळी शिफ्टच्या आधी कंबर उचलायचा आणि खुब्यातून वाकायचा व्यायाम करतो. पट्टा फक्त ओतकामाच्या वेळी.

माजी_मल्ल
शाब्बास भावा. आता बैठका चालू कर.

नवी_सदस्य
धागा वाचून सदस्यत्व घेतलं. आईचं वय अडुसष्ट. परवा न्हाणीघरात पाय घसरून बसली, जोरात पडली नाही. तेव्हापासून पाठीच्या मधे आणि कंबरेत खूप दुखतंय, उठताना ओरडते. शेजारच्या काकू चोळून द्यायला येतात. वर लिहिलेले व्यायाम तिला सुरू करू का?

फिजिओताई
नको. या वयात हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, नुसतं बसकण मारून पडल्यानंही मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतं. चोळणं आजपासून बंद. व्यायाम, शेक, झटका काही नको. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढा. पायात बधिरपणा, ताकद कमी वाटणं, बसण्याच्या जागी मुंग्या किंवा लघवीवरचा ताबा जाणं यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट न बघता रात्रीच इमर्जन्सीला न्या. उठवताना आधी कुशीवर वळवा, पाय खाली सोडा आणि हाताच्या आधारानं बसवा, सरळ ओढून उठवू नका. फ्रॅक्चर निघालं तरी पुढं फिजिओथेरपी लागेलच, ती डॉक्टर सांगतील तेव्हा. हाडांच्या घनतेची तपासणीही विचारून घ्या.

नवी_सदस्य
पायाला बधिरपणा नाही, लघवीचंही व्यवस्थित आहे, आत्ताच विचारलं. काकूंना नको म्हणून सांगितलं. सकाळी पहिल्या नंबरला घेऊन जाते, एक्स-रे झाला की इथं लिहिते.